काळ्या मातीत कोणता गिअरबॉक्स? थार, जिम्नी आणि गुरखा विदर्भाच्या वाटांवर

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याच्या कापूसपट्ट्यात थेट वावरापर्यंत पोचणारी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, हवी असेल आणि ती बहुतेक वेळ एकाच माणसाच्या हातात राहणार असेल, तर डिझेल थार ऑटोमॅटिक घ्यावी. धारणी-चिखलदऱ्याकडे चढ-उतारावर रोजचं येणंजाणं असेल तर जिम्नी मॅन्युअल. आलापल्लीच्या पलीकडे, एटापल्ली-भामरागड भागात गाडी ठेवायची असेल तर फोर्स गुरखा. ती फक्त मॅन्युअलमध्ये मिळते आणि तिथे तेच बरं आहे. एकच गिअरबॉक्स साऱ्या विदर्भाला चालतो असं सांगणाऱ्या विक्रेत्याने भर पावसातली पांदण (शेतवाट) पाहिलेली नसते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला चिखल, सातपुड्यातला मुरूम आणि वैनगंगेची रेती गाडीकडून वेगवेगळं काम मागतात.

बाजारात काय आहे ते आधी थोडक्यात. तीन दारांची नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली. तिचं २.२ लिटर डिझेल इंजिन १३० पीएस ताकद आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, देतं. सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये फोर-बाय-फोर फक्त डिझेलला आहे. तिथे मॅन्युअलला ३३० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ३७०. फॉर्च्युनरचंही तसंच, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००. म्हणजे इंजिन तेच असलं तरी कंपनी ऑटोमॅटिकला जास्त टॉर्क सोडते. ऑटोमॅटिक म्हणजे कमी ताकदीची गाडी, हा समज या गाड्यांबाबत तरी सोडून द्यावा.

जून २०२३ ची जिम्नी पेट्रोल आहे. १.५ लिटर, १३४ न्यूटन-मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल किंवा चार गिअरचा ऑटोमॅटिक. वजन जेमतेम बाराशे किलो. गुरखाला २.६ लिटर डिझेल, २०२४ पासून १४० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल, आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी कळ.

इथे दोन फसगती होतात. १.५ लिटर डिझेलची स्वस्त थार फक्त मागच्या चाकांवर चालते. ती फोर-बाय-फोर नाही. नाव थार आहे म्हणून ती वावरात जाईल, असं धरून घेतलेल्या गाड्या पहिल्याच पावसाळ्यात ट्रॅक्टरमागे बांधलेल्या दिसतात. दुसरी फसगत एएमटीची. छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक म्हणून जो एएमटी विकला जातो त्यात साधीच क्लच प्लेट असते, फक्त ती पायाऐवजी मोटर दाबते. चिखलात ती प्लेट मॅन्युअलपेक्षाही लवकर तापते, कारण कुठे थांबायचं हे त्या मोटरला कळत नाही. या लेखात ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचाच.

चिखल

काळ्या मातीतल्या चिकणमातीचा कण पाणी धरून फुगतो. खारपाणपट्ट्यात त्यात सोडियम जास्त, म्हणून पाणी खाली मुरत नाही आणि वरचा थर आठवडाभर चिकट राहतो. ही माती टायरच्या नक्षीत गच्च भरते. चार-पाच फेऱ्यांत ऑल-टेरेन टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही. टायर स्वतःला साफ करतो तो फक्त वेगाने, माती बाहेर फेकून. म्हणून काळ्या मातीत अगदी हळू, पहिल्या गिअरात सरपटत जाणं चुकीचं. ते दगडात चालतं, इथे नाही. चाकाला थोडा वेग लागतो आणि तो वेग न तुटता टिकावा लागतो.

ऑटोमॅटिक उजवा ठरतो तो इथेच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, त्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो आणि परत येणारं तेल मधला स्टेटर योग्य दिशेला वळवतो. चाक अडलेलं असताना या रचनेत इंजिनाचा टॉर्क साधारण दुपटीपर्यंत वाढतो. चिखल दाटला की गाडी जरा मंद होते, पण इंजिन बंद पडत नाही आणि चाकाकडे जाणारी ताकद एक क्षणही तुटत नाही. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढ्यात चाक थांबतं, माती टायरला धरते आणि पुन्हा सुटायला दुप्पट जोर लागतो.

ऑटोमॅटिक चिखलात घालण्याची पद्धत अशी. चिखल सुरू व्हायच्या आधी, कडक जागेवर गाडी पूर्ण उभी करा. ब्रेक दाबून मुख्य लिव्हर न्यूट्रलमध्ये. मग ट्रान्सफर केसची (ताकद दोन की चार चाकांना द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीची) छोटी लिव्हर २एच (दोन चाकं) वरून ४एच (चारही चाकं), तिथून एन (न्यूट्रल) ओलांडून ४एल (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त). लिव्हर अर्धवट अडली तर जबरदस्ती करू नका. ब्रेक किंचित सोडून गाडी वीतभर सरकू द्या, दात जुळले की ती बसते. आता मुख्य लिव्हर डी मधून मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा गिअर धरा. जिम्नीत लिव्हर २ वर ठेवायची. डी मध्येच ठेवलं तर मध्यावर गिअरबॉक्स स्वतःच्या मनाने वरचा गिअर टाकतो आणि जोर पडतो. ईएसपीचं (घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचं) बटण दाबून बंद करा, नाहीतर चाक घसरताच इंजिनाची ताकद कापली जाते. मग २००० ते २५०० आरपीएमवर, ॲक्सिलरेटर न हलवता पुढे जा. पुढे जाणं थांबलं की पाय लगेच काढा. थांबलेल्या गाडीत चाकं चार-पाच सेकंद जरी फिरवली तरी ती ॲक्सलपर्यंत खड्डा करतात. आपल्याच चाकोरीतून मागे या आणि पुन्हा प्रयत्न करा.

मॅन्युअलची पद्धत: ४एल, दुसरा गिअर, क्लच चिखलाच्या आधीच पूर्ण सोडलेला, डावा पाय बाजूच्या पट्टीवर. मध्ये गिअर बदलायचा नाही आणि क्लचला शिवायचं नाही. आरपीएम पडू लागले तर ॲक्सिलरेटर द्या. गाडी बंद पडली तरी चालेल, पण अर्धा क्लच धरून तिला ओढत ठेवू नका. डिझेल थारला खालच्या आरपीएमला इतका टॉर्क आहे की नीट चालवली तर मॅन्युअलही हे काम करते. अडचण येते ती चालवणाऱ्याच्या पायाची.

आपल्याकडे गाडी एकट्या मालकाची क्वचितच असते. पेरणीच्या दिवसांत बियाणं-खत घेऊन सालदार जातो, पुतण्या जातो, ट्रॅक्टरवाला जातो. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाचा डावा पाय सवयीने क्लचवर टेकलेला असतो. मोटारीत नुसत्या टेकलेल्या पायाने रिलीज बेअरिंग कायम फिरत राहतं आणि प्लेट किंचित सुटून घसरते. चिखलात त्यात अर्ध्या क्लचची भर पडली की प्लेटचं अस्तर काही मिनिटांत जळतं. वास येतो, मग पेडलचा पकडबिंदू वर सरकतो, मग चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. वास आला तर गाडी कडेला घेऊन, न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढून वीस मिनिटं थंड होऊ द्या. तपासणी सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन तिथेच बंद पडलं तर प्लेट ठीक आहे. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट गेली. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबतच बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात काही अर्थ नाही.

ऑटोमॅटिक या माणसांच्या हाती दिला तर वेगळा धोका. क्लच समजून डावा पाय ब्रेकवर जोरात पडतो आणि मागच्या सीटवरचा माणूस पुढे आदळतो. नव्या हाताला पहिल्या दिवशीच सांगा: डावा पाय सीटखाली ओढून ठेवायचा. दुसरा धोका महागडा आहे. रुतलेली गाडी मागेपुढे झुलवताना लोक चाकं फिरत असतानाच डी मधून आर टाकतात. त्या झटक्याने गिअरबॉक्सच्या आतले, गिअर धरणारे क्लच पॅक मरतात. डी, मग ब्रेक, चाकं पूर्ण थांबली, मग आर, हाच क्रम. पाच-सहा झुल्यांत सुटली नाही तर थांबा आणि फावडं काढा.

पांदणीबद्दल एक गोष्ट गिअरबॉक्सच्याही आधी येते. बंडी आणि ट्रॅक्टरने पडलेल्या दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा बघा. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०, गुरखाची २३३. चाकोरी याहून खोल असेल तर गाडीचं पोट उंचवट्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत फिरतात. मग कोणताच गिअरबॉक्स कामाचा नाही. अशा जागी एक बाजूचं चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं धुऱ्याच्या कडेला ठेवून चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्ये घ्यावी. मुरूम टाकून पक्क्या झालेल्या पांदणी दरवर्षी वाढताहेत, पण गावापासून शेवटच्या वावरापर्यंतचा तुकडा अजून बहुतेक ठिकाणी काळाच आहे.

आणि टायर. ऑटोमॅटिकसाठी जो जास्तीचा पैसा जातो तो आणि मड-टेरेन टायरचा संच, यातलं एकच परवडत असेल तर आधी टायर घ्या. चिखलात शिरण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. १५ च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून सुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीतच ठेवा आणि डांबरीला लागताच दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा. त्याच वेळी लिव्हर २एच वर आणा. कोरड्या डांबरीवर ४एच मध्ये वळलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसची साखळी ताणली जाते.

उतार

चढण चढताना दोन्ही गिअरबॉक्स चालतात. फरक उतरताना कळतो. जिम्नीचे आकडे घेऊ, कारण तिथे हिशेब स्वच्छ दिसतो. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, ४एल चा २.००२, डिफरेन्शियलचा ४.०९०. गुणाकार साधारण ३६. म्हणजे इंजिन ३६ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. ऑटोमॅटिकचा पहिला २.८७५, ४एल तोच, डिफरेन्शियल ४.३००, गुणाकार साधारण २५. चढताना टॉर्क कन्व्हर्टर ही तूट भरून काढतो. उतरताना चाकाकडून इंजिनाकडे उलटा जोर येतो आणि तेव्हा कन्व्हर्टर काहीच वाढवून देत नाही. त्यामुळे त्याच उतारावर ऑटोमॅटिक जिम्नी जवळपास दीडपट वेगाने सुटते आणि ब्रेक लावावा लागतो. मोकळ्या मुरमावर ब्रेक लावला की चाक अडकून घसरतं.

हिल डिसेंट कंट्रोल गाडी उतारावर रोखण्याचं काम एबीएसच्या ब्रेकने करतं. छोट्या उतारावर ते उत्तम. लांब, दगडी उतारावर पॅड तापतात आणि वास येतो. मॅन्युअल ४एल पहिल्या गिअरात, क्लच आणि ब्रेक दोन्हीवरून पाय काढून, फक्त इंजिनाच्या धाकावर उतरते. मेळघाटाच्या कडेच्या गावांतले पावसाने धुतलेले, सुट्या गोट्यांचे उतार बघता जिम्नीचा मॅन्युअल निवडायला एवढं कारण पुरेसं आहे. शिवाय जिम्नीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या घडणीचा आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तो दुसऱ्या-तिसऱ्यात अडखळतो आणि १३४ न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनाला सतत ओरडावं लागतं. मायलेजमध्ये मात्र फार फरक नाही, कंपनीचे आकडे १६.९४ आणि १६.३९.

डिझेल थार ऑटोमॅटिकने घाट उतरायचा असेल तर डी मध्ये ठेवून ब्रेकवर बसू नका. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत यातली कोणतीही कसरत करायची नाही. तिथे ठरलेल्या रस्त्याबाहेर चाक घालणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

रेती, ऊन आणि तेल

वैनगंगा, वर्धा, प्राणहितेच्या पात्रात उन्हाळ्यात उतरलेली गाडी रेतीत रुतते ती वेग तुटल्यामुळे. इथेही ऑटोमॅटिक सरस. ४एच, हवा १५ ते १८, वळण मोठं घ्यायचं, थांबायचं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची, म्हणजे चाकांपुढे रेतीचा ढीग होत नाही. पण गिअरबॉक्स सगळ्यात जास्त तापतो तो रेतीतच. जी घसर मॅन्युअलमध्ये प्लेट जाळते ती ऑटोमॅटिकमध्ये तेल तापवते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५-४७ अंशांवर जातो, तेव्हा कूलरमधून उष्णता बाहेर टाकायला हवाच थंड नसते. ऑटोमॅटिकचं तेल साधारण ८० ते ९५ अंशांना निवांत असतं. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होतं, काळपट पडतं आणि आतल्या क्लच पॅकची पकड सुटू लागते.

तापमानाचा इशारा आला, किंवा गिअर पडायला वेळ लागू लागला, तर सावली शोधा, लिव्हर पी मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवा. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की तेल कूलरपर्यंत जात नाही आणि उष्णता आतच कोंडते. एसी बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आपल्याकडचं एक कारण शहरातल्या मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. गवतातून गेल्यावर कुसळं, आणि वेचणीच्या हंगामात कापसाचे तंतू, पुढच्या जाळीतून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतात. वर चिखल वाळला की हवा जायची वाट बंद. बाहेरून जोराचं पाणी मारलं तर हा गाळ आणखी आत जातो आणि पत्र्याच्या पाकळ्या वाकतात. हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. हे काम दिवाळीआधी एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा करावंच.

ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर चालतं असं कुणी सांगितलं तरी चिखल-रेतीत वापरल्या जाणाऱ्या गाडीचं तेल ४०,००० किलोमीटरला बदलावं. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या गॅरेजवाल्याने साधं गिअर ऑइल भरलं तरी गाडी चालून जाते. ऑटोमॅटिकमध्ये कंपनीने ठरवून दिलेल्या तेलाशिवाय दुसरं काही घालू देऊ नका. लाल दिसतं म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल तर मुळीच नको.

पाणी

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तशी नदी-नाल्यांवरची ठिकाणं गडचिरोलीत आणि इतर जिल्ह्यांतही बरीच आहेत. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा काँक्रीट दिसत नसेल तर कोणत्याही गाडीने जाऊ नये. थारची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० असली तरी ती साचलेल्या पाण्याची आहे. वाहत्या पाण्यात याच्या निम्म्यालाही गाडी कडेला सरकते. गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्केल बसवून येतो, पण तो इंजिन वाचवतो, माणसं वाचवत नाही.

साचलेल्या पाण्यातून जाताना मॅन्युअलवाल्याने क्लच दाबू नये. पाणी आणि गाळ प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये शिरतो, मग घसर सुरू होते आणि वाळल्यावर खरखर. पहिला किंवा दुसरा गिअर, ४एल, एकाच चालीने पार. ऑटोमॅटिकला इथे फायदा आहे, दाबायला क्लचच नाही. पण तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइप (गिअरबॉक्सची हवा जायची नळी) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. रेतीतून आल्यावर दहा मिनिटं थांबूनच पाण्यात घाला. ब्रीदरचा पाइप वर, बॉनेटजवळ नेऊन बांधणं हे गॅरेजमधलं छोटं काम आहे आणि पहिल्याच सर्व्हिसला करून घ्यावं. खोल पाण्यातून गेल्यानंतर दोन्ही डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासा. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिकला डिपस्टिक नसते, त्यामुळे गाडी लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लग उघडावा लागतो. तेल दुधाळ दिसलं तर गाडी चालू न करता तिथेच बदलावं.

वाटेत बंद पडली तर

थार ऑटोमॅटिकला आम्ही गडचिरोलीच्या दक्षिणेत नको म्हणतो ते या एका बाबीमुळे. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मॅन्युअलचा क्लच आलापल्लीचा चांगला मिस्त्री झाडाखाली जॅक लावून बदलू शकतो. ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) किंवा सेन्सर गेला तर लॅपटॉपशिवाय दोष कळत नाही आणि गाडी ट्रकवर घालून न्यावी लागते. धोका वाटला की ऑटोमॅटिक स्वतःच एका गिअरात, बहुधा तिसऱ्यात, अडकून राहतो. तेवढ्यावर हळूहळू डांबरीपर्यंत येता येतं, चढ असेल तर तेही नाही. बिघाड गिअरबॉक्सचा नसून वायरिंगचा असणं तर नेहमीचं. गोठ्याशेजारी, कडब्याजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडी मोकळ्या जागी लावा आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

बॅटरी उतरली तर मॅन्युअल दुसऱ्या गिअरात धक्का देऊन सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही. पण नव्या डिझेलला धक्क्यावर सुरू व्हायलाही संगणक जागा राहण्याइतकी बॅटरी लागते. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर मॅन्युअलही सुरू होत नाही. म्हणून गाडी कोणतीही असो, जाड जंपर केबल डिक्कीत हवी.

ओढून नेताना ऑटोमॅटिकची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढू नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासले जातात. थारच्या ट्रान्सफर लिव्हरला एन आहे. ती एन वर टाकली की चाकं गिअरबॉक्सपासून सुटतात, मग थोडं अंतर ओढता येतं. मात्र एन वर असताना पी टाकलेला असला तरी गाडी घरंगळते, त्यामुळे आधी हँडब्रेक, मग लिव्हर.

चिखलातून ट्रॅक्टरने काढायची तर दोर बंपरला किंवा पुढच्या शोभेच्या गार्डला बांधू नका, चेसीच्या हुकालाच बांधा. साखळीपेक्षा पट्टा बरा. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी तो उडत नाही, आणि पोरांना दोन्ही बाजूंनी दूर करा. ट्रॅक्टर पहिल्या गिअरात. गाडीत बसणाऱ्याने ४एल मध्ये, हलका ॲक्सिलरेटर देत साथ द्यायची, पण मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण सोडूनच.

पैसा आणि जुनी गाडी

डिझेल थार फोर-बाय-फोरमध्ये ऑटोमॅटिकला मॅन्युअलपेक्षा दीड लाखाच्या आसपास जास्त पडतात, जिम्नीत लाखभर. बुकिंगआधी व्हेरिएंटचा कागद नीट वाचा. थारमध्ये मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल सगळ्या व्हेरिएंटला नाही, आणि काळ्या मातीत त्याची किंमत सनरूफ-स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त आहे. ते दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आपोआप लॉक होतं, त्यामुळे एक चाक घसरू लागलं तरी घाबरून पाय लगेच काढू नका. एक-दोन सेकंद हलका ॲक्सिलरेटर धरा, लॉक बसल्याचं कळतं. तरीही गाडी हलली नाही तर मात्र पाय काढायचा.

जुनी ऑटोमॅटिक बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. ब्रेक दाबून पी वरून आर, मग डी टाका. गिअर पडायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा जोराचा धक्का बसला तर ती गाडी सोडा. तेल बघता आलं तर लाल असावं. तपकिरी आणि जळका वास असेल तर रेतीची गाडी समजा, रेतीघाटावर राबलेल्या गाड्या आपल्याकडे बाजारात भरपूर येतात. जुन्या मॅन्युअलमध्ये चढावर रिव्हर्स घेऊन बघा, क्लच थरथरला तर प्लेट तापून वाकडी झालेली आहे. दोन्हींत ४एच आणि ४एल प्रत्यक्ष टाकून, मातीवर पन्नास मीटर चालवून बघा. कित्येक मालकांनी ती लिव्हर वर्षानुवर्षे हलवलेलीच नसते आणि आतली जोडणी गंजून बसलेली असते. शेवटी पुढच्या सीटची पट्टी आणि गालिच्याखालचा पत्रा हाताने चाचपा. तिथे वाळलेला बारीक गाळ लागला, तर गाडीत पाणी शिरलेलं आहे आणि वायरिंगचा त्रास पुढच्या पावसाळ्यापर्यंत नक्की सुरू होईल.